स्काउटनं पाहिलं, कॅसीनं भोगलं

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मन्रोव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या मधोमध कोर्टाची जुनी, घुमटाची इमारत. आता तिथे खटले चालत नाहीत, संग्रहालय आहे. दरवर्षी वसंतात गावातलेच हौशी कलाकार तिथे हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीवरचं नाटक करतात. पहिला अंक बाहेर हिरवळीवर होतो, दुसऱ्या अंकाला सगळे कोर्टाच्या दालनात जाऊन बसतात आणि ज्युरीची माणसं प्रेक्षकांतूनच निवडली जातात. गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप आलेल्या टॉम रॉबिन्सनचा खटला तिथे पुन्हा उभा राहतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या नाटकाचे पहिले प्रयोग झाले, तेव्हा त्याच मन्रो काउंटीतला वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय माणूस न केलेल्या खुनासाठी मृत्युदंडाच्या कोठडीत होता. कराडमधल्या एका वाचनालयात आत्या-भाचीची जुंपली, ती या मॅकमिलियनवरून.

आत्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी नववी-दहावीच्या मुलींचा वाचनगट चालवतात आणि यंदा त्यांनी ‘मॉकिंगबर्ड’ घ्यायचं ठरवलं होतं. भाची पुण्याच्या सत्र न्यायालयात वकिली करते, लीगल एडचे फौजदारी खटले लढवते. तिला ही निवड पटली नाही.

“आत्या, त्या पुस्तकावर तुझा किती जीव आहे ते मला माहीत आहे. पण मॅकमिलियनचा खटला वाच एकदा. १९८८ साली दीड दिवसात उरकला. खून झाला त्या सकाळी तो आपल्या घरी होता. दारात मासे तळून विकायचा कार्यक्रम चालला होता, कितीतरी लोकांनी त्याला तिथे पाहिलं. ते लोक कृष्णवर्णीय, म्हणून त्यांची साक्ष कुणी धरली नाही. धरली ती एका गुन्हेगाराची, ज्यानं पुढे कबूल केलं की आपण खोटं बोललो. ज्युरीत अकरा गोरे, एक कृष्णवर्णीय. या ज्युरीनं जन्मठेप सुचवली, तर न्यायाधीशांनी ती बाजूला सारून मृत्युदंड दिला! अलाबामात तेव्हा त्यांना तसा अधिकार होता, तो २०१७ मध्ये गेला. ब्रायन स्टीव्हन्सन नावाचा वकील मागे लागला म्हणून १९९३ साली हा माणूस सुटला. आणि हे घडत असताना गाव काय करत होतं? अ‍ॅटिकस फिंच आमचा म्हणून मिरवत होतं. काय कामाला आली कादंबरी?”

“हा प्रश्न कादंबरीला कशाला विचारतेस? गावाला विचार,” आत्या म्हणाल्या. “वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांचा दोष लिहिणारीच्या माथी का मारायचा?”

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ती जुलै १९६० मध्ये आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं, १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि त्यातल्या वकिलाच्या, म्हणजे अ‍ॅटिकसच्या, भूमिकेसाठी ग्रेगरी पेक यांना ऑस्कर मिळालं. काळ १९३३ ते १९३५, मंदीचा. मेकॉम्ब हे काल्पनिक गाव, पण घडवलेलं मन्रोव्हिलवरून. गोष्ट सांगते ती स्काउट, अ‍ॅटिकसची मुलगी; सुरुवातीला पुरती सहा वर्षांचीही नाही. तिचा मोठा भाऊ जेम, उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारा मित्र डिल, घर सांभाळणारी कृष्णवर्णीय कॅल्पर्निया आणि शेजारच्या घरातून कधीच बाहेर न दिसणारा बू रॅडली. मुलं बूला बाहेर काढायचे खेळ खेळत असतात. मग बापाकडे टॉम रॉबिन्सनचं वकीलपत्र येतं आणि खेळ संपतात.

हार्पर ली यांनी हे हवेतून उचललेलं नाही. त्यांचे वडील वकील होते. १९१९ साली त्यांनी खुनाच्या आरोपातल्या दोन कृष्णवर्णीयांचा बचाव केला होता आणि दोघेही फाशी गेले. मार्च १९३१ मध्ये, ली पाच वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा, अलाबामातच एका मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना खाली उतरवलं गेलं. दोन गोऱ्या तरुणींवर बलात्कार केल्याचा आरोप. सगळ्यात लहान मुलगा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. महिना उलटायच्या आत आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो जगभर गाजला. दोघींतली एक तरुणी पुढे कोर्टात येऊन म्हणाली, असं काही झालंच नव्हतं. जेम्स हॉर्टन या गोऱ्या न्यायाधीशांनी १९३३ मध्ये एका आरोपीची शिक्षा पुराव्याअभावी रद्द केली. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले आणि त्यांची खुर्ची गेली.

भाचीनं नेमकं हेच धरलं. “स्कॉट्सबरोच्याच एका अपिलात १ एप्रिल १९३५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की अलाबामा कृष्णवर्णीयांना पद्धतशीरपणे ज्युरीतून बाहेर ठेवतं आणि हे घटनेच्या विरुद्ध आहे. टॉमचा खटला कधी चालतो? त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात! अ‍ॅटिकस वकील आहे, राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य आहे. आणि बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीवर त्यानं साधी हरकत घेतल्याचं पुस्तकात कुठे दिसत नाही. माझ्या अशिलाची मान अडकलेली असेल तर मी पहिला अर्ज त्यावर करीन. तो भाषण करतो. भाषण चांगलंच आहे. पण भाषणानं अपिलाचा मुद्दा रेकॉर्डवर येत नाही.”

हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मांडणारी भाची काही पहिली नव्हे. मन्रो फ्रीडमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९९२ मध्ये अ‍ॅटिकसला वकिलांचा आदर्श मानायला उघड नकार दिला होता. हा माणूस वर्णभेदाच्या व्यवस्थेत आयुष्यभर निवांत राहिला, कोर्टानं नेमलं तेव्हाच उभा राहिला, असं त्यांचं म्हणणं. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये तीच तार पुढे छेडली: अ‍ॅटिकसला माणसांची मनं बदलायची आहेत, कायदा बदलायचा नाही. दोघांवरही वाचक तुटून पडले. आवडत्या पात्रावरचा घाव लोकांना घरच्या माणसावरच्या घावासारखा लागतो.

भाची थांबायला तयार नव्हती. तुरुंगाच्या दारात जमाव येतो तो प्रसंग तिनं काढला. टॉमला ओढून न्यायला आलेल्या माणसांत शाळेतल्या मित्राचे वडील, मिस्टर कनिंगहॅम, दिसतात. स्काउट त्यांच्याशी घरगुती गप्पा मारू लागते, ते शरमतात आणि जमाव परत फिरतो. “किती गोड! मंट्गमरीत २०१८ साली लिंचिंगच्या बळींचं स्मारक उघडलं, याच स्टीव्हन्सनच्या संस्थेनं. ८००पेक्षा जास्त पोलादी खांब, प्रत्येक काउंटीचा एक. १८७७ ते १९५० मधले ४,४०० पेक्षा जास्त बळी. किती ठिकाणी लहान मुलीचं बोलणं ऐकून जमाव घरी गेला असेल? उलट माणसं बायका-पोरांना बघायला घेऊन यायची, फोटो काढायची. आणि अ‍ॅटिकस दुसऱ्या दिवशी मुलांना सांगतो, कनिंगहॅम मुळात चांगला माणूस आहे. त्याआधी तो कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेबद्दलही असं बोलतो, जणू ती जुनी, निकाली निघालेली राजकीय टोळी होती.”

“बोलतो खरा. आणि ते खटकायलाच हवं,” आत्यांनी मान्य केलं. “पण अगं, हे सगळं तू ज्याच्यावर लादते आहेस तो अ‍ॅटिकस आपल्याला दिसतो कुणाच्या डोळ्यांनी? आठ वर्षांच्या मुलीच्या. त्या वयात बाप चुकत नसतो. मी इतकी वर्षं शिकवताना मुलांना एकच सांगत आले, अ‍ॅटिकसकडे कमी बघा, पोरांकडे बघा.”

इथून पुढे वादाचा रंग पालटला.

आत्यांनी कोर्टातला एक प्रसंग घेतला, तो फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. सरकारी वकील टॉमची उलटतपासणी घेतोय. पंचवीस वर्षांच्या, लेकुरवाळ्या माणसाला तो पोऱ्या म्हणून हाक मारतो, प्रत्येक उत्तराला कुचेष्टा करतो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला आहे. त्याच्यावर आरोप करणाऱ्या मेयेला युएलच्या चेहऱ्यावर मार मात्र उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा असावा, आणि डावखुरा आहे तिचा बाप, बॉब युएल. पुरावा समोर लखलखीत असताना वकील टॉमला खेळवतो आहे. हे पाहून डिलला रडू आवरेना. स्काउट त्याला बाहेर घेऊन जाते आणि समजूत काढते ती अशी, की शेवटी तो निग्रोच आहे ना.

“मी हेच म्हणतेय!” भाची म्हणाली. “तुझी निरागस स्काउट.”

“निरागस नाहीच ती. हार्पर ली तेच दाखवतायत. अ‍ॅटिकसची मुलगी, कॅल्पर्नियाच्या हाताखाली वाढलेली, आणि तिच्याही तोंडात ते वाक्य तयार. कुणी शिकवलं? कुणी बसवून शिकवलं नाही. गावच्या हवेत होतं, तिनं घेतलं. आणि बाहेर झाडाखाली डॉल्फस रेमंड नावाचा गावकरी भेटतो, तो डिलबद्दल काय म्हणतो? या पोराला अजून जगाची सवय झालेली नाही, मोठा झाला की रडणार नाही. लोक म्हणतात, या कादंबरीत मुलांना दुष्टपणा कळतो आणि त्यांचं बालपण हरवतं. मला ते अर्धंच वाटतं. डिलला दुष्टपणा कळलाय म्हणून तो रडतोय. बालपण हरवेल ते तो रडायचा थांबेल तेव्हा.”

भाची काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, “शाळेतली बाई आठवते? मिस गेट्स.”

“तीच तर. वर्गात हिटलर ज्यूंना छळतो म्हणून कळवळते आणि टॉमचा निकाल लागल्यावर कोर्टाच्या पायऱ्यांवर शेजारणीला सांगते, यांना धडा शिकवायलाच हवा होता. स्काउट भावाला विचारते, हे दोन्ही एकाच बाईला कसं जमतं? जेम तिच्या अंगावर धावून जातो, कोर्टाचं नावही काढू नकोस म्हणतो. त्याच्याकडे उत्तर नाही. मग मोठ्यांकडे कुठून असेल?”

कादंबरी तिच्या चाहत्यांपेक्षा जास्त जाणते, हे आत्यांचं म्हणणं इथे पटतं. चाहत्यांनी उचलला तो धीरोदात्त बाप. पुस्तकात त्याच्या आजूबाजूला बरंच काही पडून आहे. कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते तो भाग घ्या. लुला नावाची बाई तिला सरळ विचारते, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गोरी पोरं कशाला आणलीस? बाकीचे लुलाला गप्प करतात, लेखिकाही तिला लगेच बाजूला करते, पण प्रश्न कानात राहतो. चर्चमध्ये बहुतेकांना वाचता येत नाही म्हणून कॅल्पर्नियाचा मुलगा झीबो स्तोत्राची एकेक ओळ सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात. तिथे कॅल्पर्निया वेगळं बोलते, फिंचांच्या घरात वेगळं. स्काउटला तेव्हा पहिल्यांदा सुचतं, की हिला आपल्या घराबाहेर स्वतःचं आयुष्य आहे. इतकी वर्षं जिनं भरवलं तिच्याबद्दल हे सुचायला एवढा वेळ लागावा, यात मेकॉम्बची सगळी घडण आली.

भाचीला मात्र हेच अपुरं वाटत होतं. “सुचतं, आणि तिथेच संपतं. कॅल्पर्नियाच्या घरात आपण कधी जात नाही. टॉमच्या मुलांचं काय झालं ते कळत नाही. निकालानंतर वरच्या गॅलरीतले सगळे कृष्णवर्णीय उभे राहतात, कशासाठी? अ‍ॅटिकस चाललाय म्हणून! त्यांचा माणूस नुकताच मरणाच्या दाराशी नेऊन सोडलाय, आणि त्यांच्या वाट्याला लेखिकेनं दिलंय काय, तर गोऱ्या वकिलाचा आदर. शेवटचं बघ. बूनं मुलांना वाचवताना बॉब युएलला मारलं, तर शेरीफ म्हणतो, युएल स्वतःच्या सुरीवर पडून मेला. एका लाजाळू गोऱ्या माणसासाठी कायदा वाकवला. टॉमसाठी कुणी वाकवला? त्याला तुरुंगातून पळताना सतरा गोळ्या लागल्या.”

“पळताना,” आत्या म्हणाल्या. “अ‍ॅटिकस म्हणत होता, अपिलात संधी आहे. टॉमनं थांबायचं नाकारलं. गोऱ्यांनी दिलेल्या संधींना तो विटला होता आणि त्यानं आपली एक घेतली, हे अ‍ॅटिकसलाच कबूल करावं लागतं. मॉकिंगबर्डची, गाणाऱ्या निरुपद्रवी पक्ष्याची, उपमा टॉमला पुरत नाही, हे मला मान्य आहे. तो पक्षी नव्हता, त्यानं ठरवलं.”

या पुस्तकावर हल्ले दोन्ही बाजूंनी झाले आहेत. १९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीनं ते अनैतिक ठरवून शाळांतून काढायला घेतलं, कारण त्यात बलात्काराचा विषय होता. २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीनं आठवीच्या अभ्यासातून काढलं, भाषेनं अस्वस्थ वाटतं म्हणून. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मकिल्टिओत मात्र मागणी शिक्षकांकडूनच आली: पुस्तक वाचनालयात राहू द्या, पण सक्तीचं नको. वर्गातल्या एकट्या-दुकट्या कृष्णवर्णीय मुलानं सगळ्यांसमोर पुस्तकातला कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द किती वेळा ऐकायचा, हा प्रश्न बिलॉक्सीच्या तक्रारीपेक्षा फार खोल आहे आणि त्याला झटकून टाकणं अन्यायाचं होईल.

२०१५ मध्ये ली यांचं ‘गो सेट अ वॉचमन’ आलं. ‘मॉकिंगबर्ड’च्या आधीचा हा खर्डा. संपादक टे हॉहॉफ यांनी तो वाचून लेखिकेला बालपणाकडे वळवलं होतं. त्यात सव्वीस वर्षांची स्काउट न्यूयॉर्कहून घरी येते आणि बापाला वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या नागरिक परिषदेच्या बैठकीत बसलेला पाहते. ज्यांनी आपल्या मुलांची नावं अ‍ॅटिकस ठेवली होती, त्यांना धक्का बसला. भाचीला ही आवृत्ती जास्त खरी वाटते. आत्यांना ती कादंबरी म्हणून कच्ची वाटते, आणि तिथे दोघींचं एकमत व्हायचं लक्षण नव्हतं.

मग भाचीनं पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं. मिल्ड्रेड टेलर यांचं ‘रोल ऑफ थंडर, हियर माय क्राय’, १९७६चं. १९७७ मध्ये त्याला न्यूबेरी पदक मिळालं. मिसिसिपी, १९३३. कॅसी लोगन, वय नऊ, कृष्णवर्णीय. पुस्तक उघडतं तेच शाळेच्या वाटेवर: गोऱ्या मुलांची बस मुद्दाम चिखल उडवत जाते, यांना बस नाही. वर्गात पुस्तकं मिळतात ती गोऱ्यांच्या शाळेत फाटून झाल्यावर. आतल्या पानावर तक्ता: कोणत्या साली, कोणत्या अवस्थेत, कोणत्या वर्णाच्या मुलाला दिलं. शेवटच्या ओळीत अवस्था अगदी वाईट आणि वर्णाच्या जागी यांची ओळख. कॅसीचा लहान भाऊ पुस्तक जमिनीवर फेकून त्यावर पाय आपटतो.

“स्काउट त्या उन्हाळ्यात गॅलरीत बसून बघते,” भाची म्हणाली. “कॅसीला बघायला गॅलरीच नाही. बाजारात धक्का लागला म्हणून तिला गोऱ्या मुलीची माफी मागावी लागते. हिचं बालपण हरवलं असं कुणी म्हणत नाही, कारण ते तिला दिलंच नव्हतं. आणि आत्या, तुझ्या मुलींना हे परकं नाही. मसूर स्टेशन इथून कितीसं लांब आहे?”

मसूरचं नाव निघाल्यावर वेगळं सांगायची गरज नव्हती. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली आंबेडकरांच्या घरची मुलं मसूरला उतरली. छान कपडे, जरीची टोपी. स्टेशनमास्तरनं आस्थेनं चौकशी केली, मुलांनी महार म्हणून सांगितलं आणि त्याचा चेहराच बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर एक गाडी मिळाली, आणि वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हे लिहून ठेवलं आहे. ते स्वतः तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, कॅसीच्या वयाचे.

“म्हणूनच मला दोन्ही पुस्तकं लागतात,” आत्या म्हणाल्या. “माझ्या गटात वीसेक मुली येतात. त्यातल्या काहींची पणजी त्या गाडीत बसली असती, काहींचे पणजोबा गाडीवान नाहीतर स्टेशनमास्तर असते. दुसऱ्या मुलींना नुसती कॅसी दिली तर त्या हळहळतील, लगेच तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहतील आणि मोकळ्या होतील. स्काउट त्यांना मोकळं होऊ देत नाही. चांगल्या घरातली, लाडकी, प्रश्न विचारणारी मुलगी, आणि तोंडात ते वाक्य. त्यांना वाटू दे, हे आपण कुठे ऐकलंय.”

“आणि पहिल्या मुलींनी तोवर काय करायचं? गॅलरीत उभं राहायचं?”

याला आत्यांकडे लगेच उत्तर नव्हतं. त्यांनी वहीत आधी लिहिलेला क्रम खोडला आणि कॅसीला वर घेतलं. भाचीनं कोर्टाच्या प्रकरणांच्या वेळी यायचं कबूल केलं, पण एका अटीवर: वाचन सुरू होण्याआधी ती मुलींना १९३५चा तो ज्युरीचा निकाल सोप्या मराठीत समजावून देईल, ज्युरी निवडायला लावेल आणि मगच अ‍ॅटिकसचं भाषण वाचायचं. आत्यांनीही आपली अट घातली, की रडणाऱ्या डिलचं प्रकरण भाचीनं मध्ये न थांबवता, एकही कायदेशीर मुद्दा न काढता, मुलींना मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्यानंतर अ‍ॅटिकसनं हरकत का घेतली नाही यावर पुन्हा वाद सुरू झाला, आणि तो वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी चालू होता.